झुलालआबांचा जाम झालेला सेन्सर

शिरपुरात गाडीचा सायलेन्सर फुटला की लोक झुलालआबांकडे येतात. आबा सकाळी गाडी घेतात आणि संध्याकाळी परत देतात. 'उद्या या' हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेले नाहीत. गिऱ्हाइकाला खोटं सांगणारा मेकॅनिक त्यांच्या लेखी चोरच. तर असा हा माणूस यंदा आखाजीला, भर दुपारी, स्वतःच्या जावयाशी धडधडीत खोटं बोलला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात लेकी माहेरी येतात, झोक्यावर बसतात, गाणी म्हणतात, सासरचं नाव काढत नाहीत. आबांची शीतल मात्र लग्न झाल्यापासून सकाळी यायची आणि पुरणपोळी खाऊन संध्याकाळी नवऱ्याबरोबर जळगावला परत. जावई ईश्वरराव भला माणूस, पण घड्याळाला बांधलेला. 'लेकीला राहू द्या' असं त्यांना म्हणणं आबांना काही जमेना. मुलीच्या बापानं जावयापाशी मागू नये, एवढंच त्यांना ठाऊक. बायको प्रमिलाबाई म्हणायच्या, "अहो, बोला ना तुम्ही." आबा म्हणायचे, "बघू." असं बघता बघता किती आखाज्या गेल्या.

यंदा गाडी अंगणात शिरली तीच फटफटत. गतिरोधकावर आपटून सायलेन्सरच्या नळीला चीर पडलेली. आबांना मनापासून आनंद झाला. तोंड मात्र त्यांनी सुतकी केलं.

वेल्डिंग करायचं तर नळीत बसवलेले दोन ऑक्सिजन सेन्सर आधी काढावे लागतात. धुरात ऑक्सिजन किती उरला ते इंजिनला कळवणारे हे नाजूक तुकडे. वेल्डिंगच्या तडाख्यात सापडले तर कामातून जातात. जेवणं झाल्यावर आबांनी पहिला चटकन काढला. दुसऱ्याला पाना लावला, जोर काही लावला नाही, गाडीखाली पडून नुसतेच कण्हले. मग बाहेर येऊन म्हणाले, "पार जाम झालाय. तेल मारलंय, मुरायला हवं. उद्याशिवाय काही खरं नाही."

"मुरायला लोणचं आहे का ते, आबा?" ईश्वरराव हसले. "बरं, राहू द्या गाडी. आम्ही चारच्या एसटीनं निघतो. शीतल, आवर."

आता बोला! एसटीचा विचार आबांनी केलाच नव्हता. आयुष्यभराचं नाव पणाला लावलं आणि लेक निघाली ती निघालीच, वर सणाच्या गर्दीत उभ्यानं जाणार. 'राहू द्या' हे शब्द ओठापर्यंत आले आणि तिथंच बसून राहिले.

शीतल ओसरीवरून उतरली, ओढणी कमरेला बांधली, "सरका," म्हणाली आणि पाना घेऊन थेट गाडीखाली. गॅरेजातच वाढलेली पोर ती. एक हिसका दिला आणि सेन्सर बाहेर. त्याच्या टोकाला बोट न लावता तिनं तो फडक्यावर ठेवला. आबांनी मुकाट्यानं चीर वेल्ड केली. दुसरं करणार काय? नळी निवल्यावर शीतलनंच दोन्ही सेन्सर आधी हातानं फिरवून आटे जुळवले, मग पान्यानं आवळले, वायरी जोडल्या आणि चावी फिरवली. फटफट गेली. मीटरवरचा इशाऱ्याचा दिवा पेटला आणि विझला.

पोरीला सासरची एवढी घाई? आबांना फार वाईट वाटलं. ते हात पुसत बसले, पुसून झालेले हातही पुसत बसले.

शीतलनं चावी नवऱ्याच्या हातात दिली. "गाडी तयार आहे. तुम्ही निघा, अंधाराच्या आत पोचाल. मी राहणारे. पुढच्या रविवारी न्यायला या."

"मग आधी बोलायचं की!" ईश्वरराव म्हणाले. "मला वाटायचं, तुलाच इथं करमत नाही. दरवर्षी कुणी राहा म्हणून म्हणतच नाही."

शीतल बापाकडे वळली आणि घरच्या अहिराणीवर आली.

"आबा, राही जाय म्हनाले पाना लागस का? दरसाल वाट पाहिली मी, आज तरी राहून जा म्हणाल, आज तरी म्हणाल."

आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं, सगळं ठरलं होतं. तरी आबा उठले, घसा खाकरला आणि जावयादेखत, शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "राही जाय, माय."