मायच्या घागरीवरचे दोन लोटे

अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाला, अजून अवकाश होता, आणि कळसाडीहून मला न्यायला म्हसावदला दमणी आली. माहेरची गाडी बघून पाय नाचायला हवेत. पण सणाआधीच कशी आली? गाडीवानाने मान वर केली नाही. माय गेली होती...

खरं तर मनाने ती आधीच गेली होती. माझा भाऊ मोहन इंग्रजांच्या लढाईत लढाऊ विमान चालवायचा, पार पूर्वेच्या हद्दीवर. शेवटच्या रजेत जेवताना सांगत होता, हद्दीकडे अनोळखी विमान येताना कळलं की घंटा होते, मग ताट टाकून पळायचं, वर जाऊन ते आपलं की परकं ते बघायचं. मायचा घास हातातच राहिला. "आन परकं निघनं तं?"

"तं इचारसू ना माय, कोना गावना शेस रे तू?"

परक्या विमानाला म्हणे गाव विचारणार! आम्ही पोट धरून हसलो. माय हसली नाही. "भरेल ताटवरथीन उठत जाऊ नको रे भाऊ," एवढंच म्हणाली.

मग तार आली. असंच एक विमान बघायला तो उडाला आणि परतला नाही. बेपत्ता! मेला म्हणा, नाहीतर आहे म्हणा. हे कसलं मेलं मधलंच?

अखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. आबांनी, माझ्या वडिलांनी, मोहनच्या नावाची आणली. ऐन वैशाखात पोरगा तहानेला राहील, हाच त्यांना घोर. मायने ती भरलेली घागर उचलून अंगणात आपटली. "जित्ता मानूसनी घागर भरतस का कोनी?"

आबा रडत म्हणाले, "आन मरेल व्हई तं? पानी कोन दी त्याले?"

त्यानंतर माय आबांशी बोलली नाही, मरेपर्यंत नाही. विमानाची घरघर आली की मात्र अंगणात धावायची, पदराचं भान नाही, वर बघून ओरडायची, "कोना गावना शेस रे तू?" लोक वेडी म्हणायचे. म्हणोत मेले!

परवा अखाजी झाली. आबांनी एकच घागर आणली, मायच्या नावाची. मोहनची नाही म्हणून मला हायसं वाटलं... आणि लगेच जीव तुटला, त्या पोराला पाणी द्यायला कुणीच नाही का? आबांनी घागर भरली, वर रीतीचा लोटा ठेवला. मग घरात जाऊन आणखी एक आणला. "तिनी घागर शे," पुटपुटले, "ती ज्याले दी त्याले दी."

तेवढ्यात तोरणमाळच्या डोंगराच्या अंगाने घरघर आली. मी अंगणात धावले, मायसारखीच ओरडले. विमान थांबतंय थोडंच! मागे वळले, तर आबा मायच्या घागरीतून दुसरा लोटा भरत होते.