उल्हासच्या आखूड स्की

उल्हास पोतनीसला स्की कधीच नीट जमल्या नाहीत, आणि त्याचं त्याला काडीचंही वाईट वाटत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

उल्हास मूळचा पुण्याचा. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी बघतो. मी त्याच कारखान्यात स्टोअर्सला. दोघंही सिलिकॉन ओएसिसला एकाच इमारतीत राहतो, म्हणून एकाच गाडीतून जा-ये. गाडी त्याची आणि बडबडही त्याचीच. मी रत्नागिरीचा माणूस, ऐकून घेतो आणि मनातल्या मनात शिव्या घालतो. गेली काही वर्षं बडबडीचा विषय एकच होता, शनिवार.

शनिवारी सकाळी तो मुलीला, ओवीला घेऊन मॉलमधल्या बर्फाच्या उतारावर जायचा. बाहेर डांबर मऊ झालेलं आणि आत ही मंडळी जाड जाकिटं घालून कुडकुडत. ओवी लहानपणी शाळेच्या सहलीत स्की शिकली. लहान मुलांबरोबर मोठं माणूस लागायचं, म्हणून बापानेही लांबलचक स्की पायाला अडकवल्या. पोरगी बघता बघता वरच्या उतारावर गेली. बाप खालच्या, नवशिक्यांच्या उतारावर राहिला तो राहिलाच. वळायला गेला की स्कीची टोकं एकमेकींवर चढायची आणि हा गाठोड्यासारखा लोळायचा.

पण शेवटचा अर्धा तास ओवी वरून खाली यायची, खास त्याच्यासाठी. त्याच्यासमोर उलटी घसरत ओरडायची, "बाबा, पिझ्झा! मेक अ बिग पिझ्झा!" म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि टाचा लांब, पिझ्झाच्या तुकड्यासारख्या. त्याने वेग कमी होतो म्हणे. पडला की हात देऊन उठवायची. मग सरकत्या पट्ट्यावर उभी राहून दोघं पुन्हा वर जायची, आणि त्या पट्ट्यावर ती बोलायची. मैत्रिणी, शाळेतल्या कटकटी, कधी आईची तक्रार. घरी हीच पोरगी कानात हेडफोन घालून खोलीचं दार लावून घ्यायची. उल्हास म्हणायचा, "रफिकभाई, घरी मला एक 'ओके' मिळतं. तिथे अख्खी ओवी मिळते."

इथल्या बापांचं कसं असतं, ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. पोरं बारावी होतात, विमानात बसतात आणि जातात. परत यायला हक्काचं घर नाही. बापाची नोकरी आहे तोवर भाड्याचा फ्लॅट, नोकरी संपली की व्हिसा खलास. पुढच्या सुट्टीत आईबाप दुबईत असतील की पुण्यात, हेही नक्की नसतं. माझा फहद टोरांटोला गेला तेव्हा हे सगळं मी भोगलंय. ओवी बारावीत गेली आणि उल्हासला उरलेले शनिवार दिसायला लागले.

त्याच वर्षी एकदा ओवी त्याला म्हणाली, "बाबा, ट्राय स्नोब्लेड्स. दे आर शॉर्ट, नो पोल्स. इट्स सो मच इझियर. यू कॅन गो टु द टॉप."

दुसऱ्या दिवशी गाडीत उल्हासचे डोळे भरून आले होते. "तिला मी वर हवाय, रफिकभाई. जायच्या आधी एकदा बापाबरोबर वरून खाली यायचंय तिला." मलाही ते खरं वाटलं. बापांना असल्या गोष्टी लगेच खऱ्या वाटतात.

स्नोब्लेड्स म्हणजे आखूड स्की. बूट तेच, पण या उभ्या धरल्या तर जेमतेम कमरेला लागतात, आणि हातात काठ्या नसतात. उल्हासला त्या अशा जमल्या, की तो स्वतःच चक्रावला. "अरे, पाय वळवला की वळतंय! टोकं अडकतच नाहीत!" वेग वाढला की थरथरतात, पण पडायला होत नाही. थोड्याच आठवड्यांत तो तारेवरच्या पाळण्यात बसून वर गेला आणि ओवीच्या शेजारून, हात पसरून, सगळा उतार खाली आला. ओवीने व्हिडिओ काढला, खाली पोचल्यावर घट्ट मिठी मारली. "यू डिड इट, बाबा!" तो व्हिडिओ इमारतीत न पाहिलेला माणूस उरला नाही. उल्हासने पेढे वाटले. मला दोन दिले.

पुढच्या शनिवारी तो दोघांचे हातमोजे घेऊन दारात उभा. ओवी पांघरुणातून म्हणाली, "यू गो, बाबा. यू डोन्ट नीड मी नाउ." झोप झाली नसेल, म्हणून तो एकटाच गेला. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. तिसऱ्या शनिवारी तो हातमोजे घेऊन सोफ्यावर बसून राहिला, तेव्हा त्याच्या बायकोला, मंजुषाला राहवलं नाही.

"अरे, कळत कसं नाही तुला? तिला कधीपासून मैत्रिणींबरोबर जायचंय. तुला खालच्या उतारावर एकट्याला टाकून कसं जाणार, म्हणून अडकली होती बिचारी. मग आम्ही दोघींनीच ठरवलं, तुला काहीतरी सोपं शिकवू. ती सुटेल आणि तुझंही अडणार नाही. ऑगस्टमध्ये ती शिकायला गेली की एकटाच जाणार आहेस ना?"

सोमवारी गाडीत पहिल्यांदाच शांतता होती. कारखान्याच्या गेटपाशी तो एवढंच बोलला, "मला शिकवलं ते सोडून जायला. आणि मी पेढे वाटले, रफिकभाई."

लोक म्हणतील, पोरीने बापाचं भलंच केलं. माझी बायको साजिदा हेच म्हणाली आणि आमचं भांडण झालं. भलं करायचं तर तोंडावर सांगायचं. 'बाबा, मला मैत्रिणींबरोबर जायचंय,' एवढंच. त्याला वाईट वाटलं असतं, पण त्याने स्वतः तिला गाडीने सोडलं असतं. ती मिठी मारताना तिला माहीत होतं की आपण सुटलो. त्याला वाटलं, आपण पोचलो. याला मी फसवणूकच म्हणतो, मग ती कितीही प्रेमाने केलेली असो.

ऑगस्टमध्ये ओवी नेदरलँड्सला शिकायला गेली. विमानतळावर उल्हास छान हसला वगैरे.

थंडी पडल्यावर एका शनिवारी त्याने मलाच ओढून नेलं. काउंटरवरच्या मुलीने ओळखून विचारलं, "शॉर्ट वन्स, सर?" तो म्हणाला, "नो. लाँग." आम्ही नवशिक्यांच्या उतारावर गेलो. मी कडेची भिंत धरून उभा राहिलो. उल्हास निघाला, पहिल्याच वळणावर टोकं अडकली आणि तो माझ्यापासून थोड्या अंतरावर आपटला. तेवढ्यात फोन वाजला. ओवीचा व्हिडिओ कॉल.

"बाबा! आर यू ॲट द स्लोप? डिड यू गो टु द टॉप?"

"हो तर. आत्ताच वरून आलो."

फोन हातात कलला असणार, आणि एकमेकींवर चढलेल्या त्या लांब स्की तिला दिसल्या असणार. ती हळूच म्हणाली, "पिझ्झा, बाबा. मेक अ बिग पिझ्झा."

"ओवी, आवाज येत नाहीये तुझा. हॅलो? हॅलो?" म्हणत त्याने फोन बंद केला. मला मात्र तिचा शब्द न् शब्द ऐकू आला होता.

फोन खिशात टाकून त्याने उठण्यासाठी सवयीने हात वर केला. मी भिंत न सोडता माझा हात पुढे केला. तो पुरला नाही.