पाटावरचं नाव

आमचे हे गिरणीत फिटर. हाताला गुण होता, पण तोंडाला बढाई जास्त, आणि त्या बढाईला खतपाणी घालायला मी होतेच. लालबागच्या आमच्या एका खोलीत ह्यांनी ते टेबल मांडलं तेव्हा आधी मी कपाळाला हात लावला. जेवायचं टेबल नव्हे हो! मधोमध भोक, खाली चोरबाजारातून आणलेली मोटर उभी बांधलेली, आणि भोकातून बोटाच्या पेराएवढं पातं वर आलेलं. लाकूड त्यावर दाबून सरकवायचं, की त्याच्या खालच्या अंगाला खाच पडत जाते. मोटर सुरू झाली की मांडणीवरची भांडी नाचायची आणि खालच्या खोलीतून शिव्या यायच्या. पण दोन-चार फळ्यांना छान कड काढून झाल्यावर मीच नळावर मिरवायला लागले, "आमच्याकडे मशीन आहे!"

तेच ऐकून शेजारची काकी आली. आदल्या वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात तिचा एकुलता मुलगा गेला होता. त्याचा जेवायचा पाट छातीशी धरून ती दारात उभी राहिली.

"गो, ह्येच्यार त्येचा नाव कोरून दी. वर्षश्राद्धाक दारार लावतलंय."

मुलाला आजोबांचं नाव ठेवलेलं. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, म्हणून काकीनं पोटच्या पोराला जन्मभर नुसतं 'झिला', म्हणजे 'मुला', म्हणून हाक मारली. तो गेला त्या दिवशी छाती बडवून रडली, तेव्हाही 'झिला'च. म्हणाली, "माझ्या तोंडार येऊक नाय, निदान दारार तरी ऱ्हवांदे."

पाट्या कोरणाऱ्याकडे द्या, असं चाळीत सगळे म्हणत होते. मी म्हटलं, छे, घरात मशीन असताना?

पाटाच्या ज्या गुळगुळीत अंगावर तो बसायचा तिथंच नाव यायला हवं होतं. म्हणून खालच्या पट्ट्या काढून ते अंग पात्याकडे घातलं. वर आलेल्या पाठीवर मी खडूनं नाव लिहिलं, ठसठशीत, आणि ह्यांनी रेघेरेघेनं पाट फिरवला. काकी उंबऱ्यात बसून बघत होती. गॅलरीत माणसं जमली होती. मोटर थांबली, भुसा झटकला, आणि ह्यांनी ऐटीत पाट उलटवला.

नाव उलटं आलं होतं. आरशात दिसतं तसं. एका अंगावर लिहून दुसऱ्या अंगाला कोरलं की दुसरं काय होणार? एवढी साधी गोष्ट, पण आम्हा दोघांपैकी एकाच्याही टाळक्यात आली नाही! अति शहाणा त्याचा बैल रिकामा. खाच इतकी खोल की रंधा मारूनही जाणार नव्हती. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं, पण कुणी हसलं नाही. हे खाली मान घालून मोटरची वायर गुंडाळत बसले.

काकीला वाचता येत नव्हतं. खाचेतून बोट फिरवून ती म्हणाली, "बरा झाला."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. गप्प बसावं असंही वाटलं, खरं सांगते. पण गॅलरीभर माणसं बघत होती. "काकी, नाव उलटं झालं. कुणाला वाचता यायचं नाही," मी सांगितलं. तिनं पाट पदराखाली घेतला आणि घरी गेली.

वर्षश्राद्धाला तोच पाट तिच्या दारावर होता. मी पंगतीत वाढत होते, पण तिकडे बघायची माझी छाती होत नव्हती. मुलाबरोबर मोर्चात असलेले चळवळीतले दोघे आले. त्यांनी पाटाकडे बघून मान इकडे वाकडी केली, तिकडे वाकडी केली.

"काकी, काय लिहिलंय हे?"

आता माझीच पाळी, म्हणून मी तोंड उघडलं. काकीनं हातानंच मला थांबवलं. डोक्यावरचा पदर सारखा केला, भिंतीवरच्या सासऱ्याच्या फोटोला हात जोडले, आणि मुलाचं नाव घेतलं. स्पष्ट, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं.

पुढे जो कोणी दारात येऊन विचारी, त्याला तिलाच सांगावं लागे. माझी खोली शेजारीच होती. मला दर वेळी ऐकू यायचं.