बापाचं कातडं

पंचवटीतल्या दोन खोल्यांत दुपारची भांडी आवरून सुलाबाई बाहेर आली, तेव्हा तिचा नवरा सहादू मोबाइल मांडीवर ठेवून गाणी ऐकत होता. राकेशच्या बँडचा नवा अल्बम आला होता. बारा वर्षांपूर्वी पहिला आला, तेव्हा त्यांच्या गिटारीला सहादूच्या संबळाची जोड होती. शाळेतला शिपाई, घरचा गोंधळी. पण त्या पोरांबरोबर पार कोल्हापूरपर्यंत वाजवून आला. तिथल्या जेवणावळींसकट सगळं सुलाबाईला पाठ होतं.

मग अर्धांगाचा झटका आला, डावा हात जड झाला. तरी राकेशने या वेळीही बोलावलं आणि सहादूने चार दिवस स्टुडिओत वाजवलं. त्यातलं किती ठेवलंय, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

संबळ प्रत्येक गाण्यात होतं. भाची स्नेहाने फोनवर सांगितलं, की लोक नावं ठेवतायत, सगळं मागच्यासारखंच आहे म्हणे. सहादूला उलट मूठभर मांस चढलं.

तिसऱ्या गाण्यात मात्र त्याचं हसू थांबलं. डावीकडचं मोठं भांडं खर्जात घुमत होतं. ते कातडं त्याच्या बापाने चढवलेलं. निखाऱ्यावर शेकलं की तासभर बोलायचं. दोन वर्षांपूर्वी ते फाटलं. स्टुडिओत नेलं ते नव्या कातड्याचं. पोरांनी पहिल्या अल्बममधलंच वाजवणं कापून इथे बसवलं होतं.

"हा माझा आत्ताचा हात नाही," तो म्हणाला.

"पहिल्याच गाण्यात कळलं मला. तीन वर्षं तेल चोळतेय त्याला."

"मग बोलली नाहीस?"

"तुम्ही हसत होतात."

संध्याकाळी राकेशचा फोन आला. गंगापूर रोडला कार्यक्रम होता. काकांनी संबळ बांधून नुसतं उभं राहायचं, आवाज मशीनवरून येईल.

"उभं करायला पुतळा आण," सहादू म्हणाला. "मी आलो तर वाजवीन. आत्ता वाजतं तसंच."

मग राकेशने हळूच विचारलं, एक गाणं मशीनशिवाय केलं तर? काकांच्या लयीत. तिसरं घेऊ या का?

"तिसरं नको. तिथे माझा बाप वाजतोय, त्याला वाजू दे. दुसरं कुठलंही घे."