स्टीनकिलचा सांगावा

न्यूयॉर्क शहर मागे टाकून हडसन नदीच्या काठाने उत्तरेला निघालं, की ओढ्यांच्या तोंडाशी वसलेली लहान लहान गावं लागतात. ओढ्याला तिथे किल म्हणतात. शब्द डचांचा आहे. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी ते लोक शिडाच्या होड्यांतून वर आले आणि जिथे ओढा नदीला मिळतो तिथे थांबले. ओढ्यावर गिरणी बसवली, नदीवर धक्का बांधला, मधे दगडी घरं उभी केली. त्या घरांची दारं आडवी दोन भागांत कापलेली असतात. खालचं अर्धं लावून घ्यायचं, म्हणजे कोंबड्या-डुकरं आत येत नाहीत, आणि वरचं उघडून शेजाऱ्याशी बोलायचं. डचांचं राज्य लवकरच गेलं, इंग्रज आले, पण काठावरच्या घरांतून डच भाषा पुढे दीडशे वर्षं बोलली गेली. मग आगगाडी आली. रूळ नदीच्या अगदी कडेने टाकले आणि गावं नदीपासून तुटली. धक्के कुजले. जी गावं राहिली ती हट्टाने राहिली.

स्टीनकिल त्यातलंच एक. एक चर्च, एक पोस्ट, एक फायरहाउस आणि पन्नासेक घरं. नदी इथे समुद्राच्या भरती-ओहोटीने चालते. दिवसातून दोनदा ती उलटी वाहते आणि गावकऱ्यांना त्यात काही विशेष वाटत नाही.

या गावात धम्मदीप रामटेके राहतो. नागपूरचा, मूळ वैनगंगेकाठचा. पुलांची तपासणी करणं हे त्याचं काम. यंत्राच्या लांब हाताला टांगलेल्या पाळण्यात उभं राहून तो पुलाच्या पोटाखाली जातो आणि हातोडीने ठोकून लोखंडाचा आवाज ऐकतो. स्टेट कॉलेज नावाच्या विद्यापीठाच्या गावी शिकत असताना चार मुलांत एक अपार्टमेंट होतं, खिचडी होती आणि कॅम्पसच्या बसची वाट बघणं होतं. पुढे नोकरी लागली, मैत्री लग्न करून आली, फार्मसीची परीक्षा देऊन हॉस्पिटलात लागली. मित्रमंडळी न्यू जर्सीत घरं घेत होती तेव्हा याने नदीकाठचं दगडी घर घेतलं. मित्र म्हणाले, अरे यार, तिथे कोथिंबीर तरी मिळते का? मिळत नव्हती. मैत्रीने खिडकीत कुंड्या लावल्या.

आता स्टीनकिलची एक रीत सांगितली पाहिजे. गावात कोणी मेलं की तिथे एक माणूस काळा डगला घालून, काळी उंच टोपी चढवून निघतो आणि पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत दार वाजवून ती बातमी सांगतो. टोपीला मागे लांब काळी फीत असते. डचांनी ही रीत बरोबर आणली होती. बाकी गावांतून ती केव्हाच गेली, स्टीनकिलने सोडली नाही. फोन आले, ईमेल आले, तरी स्टीनकिलचं मरण दार वाजवूनच कळतं. हे काम टेनआइक घराण्याकडे चालत आलेलं. धम्मदीप गावात आला तेव्हा टोपी कॉर्नेलिया टेनआइककडे होती. ती शाळेची निवृत्त मास्तरीण. एकटी, उंच, काटक, जिभेला धार.

तिचे दोन्ही गुडघे बदलले तेव्हापासून धम्मदीप तिच्याबरोबर जाऊ लागला. हिवाळ्यात पायऱ्यांवर बर्फ असतो, कोणीतरी हात धरायला हवा, एवढंच त्यामागे होतं. ती दारात बोलायची, हा मागे छत्री धरून उभा असायचा. असे काही हिवाळे गेले.

एका वसंतात डॉक्टरांनी कॉर्नेलियाला सांगून टाकलं, हृदय आता फार दिवस चालणार नाही. ती धम्मदीपच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मैत्रीने चहा ठेवला.

"माझ्यानंतर टोपी तू घे," कॉर्नेलिया म्हणाली. "गावात बाकी सगळे दारात बोलायला लागले की घड्याळ बघतात. तू बघत नाहीस."

धम्मदीप उठून खिडकीतल्या कुंड्यांपाशी गेला. मैत्रीने त्याच्याकडे पाहिलं आणि गॅस बारीक केला.

त्याच्या अडण्याचं कारण असं. वैनगंगेकाठच्या त्या गावात मयताचा सांगावा नेणं हे महाराचं काम होतं. मालगुजाराच्या घरी कोणी गेलं की धम्मदीपच्या आजोबांना, कवडूला, हाक यायची आणि उन्हातान्हात नदी उतरून पाहुण्यांच्या गावी चालत जावं लागायचं. तिथे अंगणाबाहेर उभं राहून ओरडून सांगायचं. घरात रडारड सुरू व्हायची आणि सांगणारा उन्हात तसाच उभा. मग कोणीतरी वरून ओंजळीत शिळी भाकर टाकायचं. धम्मदीपचे वडील सुखदेव लहानपणी बापाबरोबर असे गेलेले होते. छप्पन साली नागपूरला जाऊन कवडूने दीक्षा घेतली. पुढच्या उन्हाळ्यात मालगुजाराची आई गेली, हाक आली, आणि कवडू उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, येत नाही. त्या नकाराची किंमत सगळ्या वस्तीने मोजली. दुकान बंद, चक्की बंद, मजुरी बंद. कवडू बायकापोरांना घेऊन नागपूरला आला आणि गिरणीत लागला. सुखदेव शिकून शाळामास्तर झाले. रामटेक्यांच्या घरी ही गोष्ट जेवताना सांगितली जायची, दुसऱ्यांच्या घरी लढाईची सांगतात तशी.

धम्मदीपने हे सगळं कॉर्नेलियाला सांगितलं. तिने चहा गार होऊ दिला.

"मग माझंही ऐकून घे," ती म्हणाली. "आमच्या घरात तेव्हा गुलाम होते. काठावरच्या सगळ्याच मोठ्या घरांत होते, गिरणी काय आपोआप फिरत नव्हती. कडाक्याची थंडी असली की टेनआइकांचं डोकं दुखायचं आणि ते त्या काळ्या माणसाला पाठवायचे. टोपी मात्र घरीच ठेवायची. टोपी घराण्याची होती ना. हे माझ्या आजीने मला सांगितलं आणि वर म्हणाली, बाहेर बोलू नकोस."

"आणि त्या माणसांपैकी कोणी मेलं तर?" मैत्रीने विचारलं.

"तर कोणी कुठे जात नसे."

कॉर्नेलिया घरी गेल्यावर मैत्री म्हणाली, "तुला नको असेल तर सरळ नाही म्हण. वाईट वाटून हो म्हणू नकोस."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, टोपी तुला अजिबात शोभणार नाही."

चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला दोघं न्यू जर्सीला गेले तेव्हा मैत्रीच्या तोंडून विषय निघाला. राजेशने प्लेट खाली ठेवली. हा राजेश धम्मदीपचा स्टेट कॉलेजचा जुना रूममेट. "सात समुद्र ओलांडून शेवटी सांगाव्यालाच लागला का रे?" लोक हसले, धम्मदीपही हसला. पण परत येताना गाडीत त्याने तेच वाक्य मैत्रीला पुन्हा म्हणून दाखवलं.

शेवटी त्याने नागपूरला फोन लावला. इथे सकाळ होती, तिथे सुखदेव गुरुजी संध्याकाळचे गच्चीत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते म्हातारी कोनाच्या घरची?"

"इथल्या मोठ्या घराण्याची, बाबा. ते काम मानाचं समजतात इथे."

"मान त्यायले लखलाभ. मले एक सांग. तुले ते सोडता येते का?"

"अजून धरलंच नाही."

"धरायच्या आधी इचार. मेलेल्याची खबर कोनी तरी नेलीच पायजे, त्यात काय हलकं हाये? माह्या बापाले सोडता येत नव्हतं, ते हलकं होतं. मी पोटात असतानाच माह्या नावानं ते काम लिहिलेलं होतं." मग म्हणाले, "आन् गुडघ्याले तेल लावत जा. थंडीचा देस हाये तुहा."

धम्मदीपने दुसऱ्या दिवशी कॉर्नेलियाला तेच विचारलं, तुला हे काम सोडता येत होतं का. तिने अर्ध्या दारावर कोपर टेकलं होतं. 

"मला सॅन फ्रान्सिस्कोला जायचं होतं," ती म्हणाली. "तिथे शाळेत नोकरी मिळाली होती. त्याच वर्षी वडील पडले. घरात दुसरं कोणी नव्हतं. मला कोणी जबरदस्ती केली नाही. फक्त गावातला प्रत्येक जण मला भेटला की टोपीबद्दल विचारायचा." ती हसली. "नाही, धम्मदीप. सोडता येत नव्हतं."

"मग मी गावापुढे एक अट ठेवतो."

"कोणती?"

"एका वर्षासाठी घेईन. पुढच्या वर्षी दुसरं घर, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरं. कोणाच्याही घराला हे काम चिकटता कामा नये. नाहीतर मी घेणार नाही."

"ऐकून सगळे आजारी पडतील," कॉर्नेलिया म्हणाली. "सभा माझ्यासमोरच होऊ दे. मला बघायचंय."

सभा फायरहाउसमध्ये भरली. आधी सगळे रीतीबद्दल फार सुंदर बोलले. आपली ओळख, आपला वारसा, आसपास दुसरीकडे कुठे उरलं नाही. मग धम्मदीपने आपली अट सांगितली आणि खोली गार झाली. कोणी बुटाच्या नाडीकडे पाहू लागलं, कोणी कॉफी आणायला उठलं. होड्या दुरुस्त करणारा हॅरी म्हणाला, "मी आनंदाने केलं असतं, पण माझे गुडघे."

"माझे दोन्ही लोखंडाचे आहेत, हॅरी," कॉर्नेलिया कोपऱ्यातून म्हणाली.

हशा झाला, पण हात वर होईना. धम्मदीप उभाच होता. त्याला वाटलं, आता हे लोक म्हणतील की जाऊ दे, रीतच बंद करू. तसं झालं असतं तरी तो अट मागे घेणार नव्हता. हे त्याने मनाशी ठरवलं होतं आणि तरीही त्याला कॉर्नेलियाकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात शाळेची बस चालवणारी डोरीन म्हणाली, "पुढचं वर्ष माझं लिहा. पण मी डगला घालणार नाही, त्याला डांबरगोळ्यांचा वास येतो." मग पोस्टातला माणूस म्हणाला, त्यानंतरचं मी घेतो. सगळ्यांनी काही हात वर केले नाहीत. आजतागायत केलेले नाहीत. पण पुरतील इतके झाले.

कॉर्नेलिया टेनआइक त्याच वर्षी पानगळीत गेली. धम्मदीपचा पहिला सांगावा तिचाच.

सकाळी त्याने डगला चढवला. टोपी खरंच शोभत नव्हती. मैत्रीने फीत सरळ केली. गावाच्या उत्तर टोकाला पहिलं घर एका नव्या जोडप्याचं होतं. पायऱ्या चढून तो दारापुढे उभा राहिला आणि त्याचा हात उठेना. कवडू रामटेक्याला दार वाजवता येत नव्हतं. त्याने कुणाच्या दाराला हात लावला असता तर ते दार धुतलं असतं. धम्मदीपने दाराकडे पाहिलं. साधं ओकचं लाकूड, खालच्या बाजूला पाण्याने काळं पडलेलं. पुलावर हातोडी धरतो तशी त्याने मूठ धरली आणि तीन वेळा ठोकलं. आत चालत येणाऱ्या पावलांचा आवाज आला.

"आपली शेजारीण कॉर्नेलिया टेनआइक काल गेली," तो म्हणाला. "शनिवारी दहा वाजता चर्चमध्ये या."

त्या जोडप्यातल्या मुलीने त्याला आत बोलावलं. त्याने मान हलवली, कारण अजून सगळं गाव बाकी होतं. दुसऱ्या दारापाशी हात थोडा सहज उठला. चौथ्या-पाचव्या घरानंतर त्याच्या लक्षात आलं की आपण आजोबांचा विचार करत नाही, कॉर्नेलियाचा करतोय. प्रत्येक दारात तिची एक गोष्ट निघत होती. कोणाला तिने नापास केलं होतं, कोणाला घोड्यावर बसायला शिकवलं होतं. शेवटचं घर झालं तेव्हा दुपार कलली होती आणि नदी उलटी वाहू लागली होती.

त्या वर्षात अजून दोघं गेले. दोन्ही वेळा दारोदार सांगायला तोच निघाला. वर्ष संपलं, त्याने टोपी डोरीनच्या घरी नेऊन दिली. हात रिकामे करून घरी येताना त्याला हलकं वाटलं आणि थोडं चुकल्यासारखंही वाटलं. दोन्ही खरं होतं.

पुढच्या फेब्रुवारीत सुखदेव गुरुजी नागपूरला झोपेतच गेले. पहाटे भावाचा फोन आला. मैत्रीने तिकीट काढलं, बॅगा भरल्या, डोरीनला फोन करून सांगितलं की धम्मदीपचे वडील गेले, आम्ही जातोय, कुंड्यांना पाणी घाल. तासाभराने दार वाजलं. डोरीन उभी होती, जाड जाकीट घातलेलं आणि डोक्यावर टोपी.

"तुझ्या वडिलांचं नाव मला नीट म्हणायला शिकव," ती म्हणाली.

धम्मदीपला आधी कळलंच नाही. मग तो म्हणाला, "ते या गावचे नव्हते, डोरीन. त्यांनी हे गाव पाहिलंसुद्धा नाही."

"मी मघाशी हॅरीला विचारलं. तो म्हणाला, नियम काय ते कॉर्नेलियाला माहीत. ती तर आहे आता चर्चमागे. म्हणजे मीच ठरवणार." तिने हातमोजे काढले. "म्हण ना. सावकाश म्हण."

त्याने दोनदा म्हटलं. तिने म्हणून दाखवलं. 'ख' तिला जमेना, पुन्हा म्हणून घेतलं. मग ती निघाली.

विमानतळाच्या वाटेवर नदीकाठच्या रस्त्याला गाडी वळली तेव्हा डोरीन गावाच्या मध्यावर पोचली होती. वाऱ्याने टोपी उडू नये म्हणून तिने ती काखेत धरली होती.

"जरा हळू घे," धम्मदीप मैत्रीला म्हणाला.

"फ्लाइट आहे," मैत्री म्हणाली, आणि तरी गाडी हळू केली.

हॅरीने दार उघडलं होतं. डोरीन काहीतरी बोलली. हॅरीला कमी ऐकू येतं. त्याने कानामागे हात धरून नाव पुन्हा विचारलं, आणि डोरीनने ते पुन्हा, मोठ्याने सांगितलं.