नऊ फुटांचा वाघ

"कातडं कुठाय? बोल! वाघाचं कातडं कुठे दडवलंस?"

इन्स्पेक्टर आमच्या तिसऱ्या मजल्याच्या दारात उभा राहून ओरडत होता आणि खाली इस्रायलच्या वाळवंटातलं आमचं अख्खं येरुहाम गाव गोळा झालं होतं. अख्खं म्हणजे अख्खं. रोमानियन न्हावी एका गिऱ्हाइकाला अर्धा भादरून तसाच सोबत घेऊन आला होता. हा इन्स्पेक्टर रानातल्या जनावरांचं रक्षण करणाऱ्या सरकारी खात्याचा. वय असेल पंचवीस-सव्वीस, आखूड चड्डी, पायांत सँडल, गुडघ्यापर्यंत धूळ. हिब्रूत अहो-जाहो नाही, त्यामुळे हे पोर मला सरळ 'तू' म्हणत होतं, आणि त्या दिवशी ते 'तू' जरा जास्तच लागत होतं.

"कातडं?" माझी बायको उलथनं घेऊनच बाहेर आली. तिचं हिब्रू निम्मं मराठी. "अहो साहेब, ह्यांनी घरातलं झुरळ मारलेलं नाही कधी. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढतात आणि मला हाका मारतात. वाघ कसला मारतायत!"

खालून हशा पिकला. एरवी मी तिला सोडलं नसतं. पण त्या घटकेला मनात म्हटलं, बाई, बोल, आणखी बोल, झुरळाचं सगळं पहिल्यापासून सांग. कारण घरात कातडं नव्हतं, आणि वाघ तर कुठेच नव्हता.

वाघ जन्माला आला होता रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी सकाळी, कारखान्याच्या बसमध्ये. मी डिमोन्याच्या एका सूतगिरणीत गेटवर ड्युटी करायचो. त्याआधी सात वर्षं आत, कापूस पिंजायच्या खात्यात काढली होती. तिथे हवा कमी आणि कापूस जास्त. शेवटी शेवटी मी खोकलो की तोंडातून गादी बाहेर पडायची. डॉक्टरने लिहून दिलं, ह्या माणसाला परत आत घालाल तर बाहेर आणायला चौघे लागतील. म्हणून मला गेट मिळालं. गेटवर बंदूक लागते, बंदुकीला लायसन लागतं. लायसन गेलं तर गेट गेलं आणि मी परत पिंजणात. हे मला झोपेतही पाठ होतं.

तर बसमध्ये शेजारच्याने विचारलं, "काय रे, शुक्रवारी शिकारीला गेला होतास ना? काय मिळालं?" जे मिळालं होतं ते सांगायची माझी तयारी नव्हती. तोंड मात्र तयारच असतं. मी म्हणालो, "वाघ." येरुहामच्या शेवटच्या स्टॉपवर तो वाघ सहा फुटांचा होता. डिमोन्याच्या फाट्याला आठ. गिरणीच्या गेटात बस शिरली तेव्हा नऊ फूट पुरा, शेपूट वेगळी. ड्रायव्हरने गाडी उभी करून माझ्याशी हात मिळवला.

आता, इथे वाघ म्हणजे बिबळ्या, आणि ते आमच्या डोंगरांत बोटावर मोजण्याइतके उरले होते. त्यांना मारणाऱ्याला सरळ कोर्टात उभं करत. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की गोष्ट माझ्यापेक्षा लवकर बसा बदलते. मंगळवारपर्यंत ती जिल्ह्याच्या गावी, बिअरशेबाला पोचली. तिथे पोचेपर्यंत माझ्या वाघाची वाघीण झाली होती आणि तिला दोन पिल्लंही होती. हा इन्स्पेक्टर दोन दिवस उन्हात फिरून त्या वाघिणीच्या पावलांचे ठसे शोधत होता. नीट बघितलं तर तो रागावला नव्हता, रडायच्या बेताला आला होता.

"वाघ नव्हता," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की तो माझाच आहे की नाही, मी वळून बघितलं.

"मग काय होतं?"

"कुत्रा."

खाली जी हसण्याची लाट उठली, ती पार नेतिवोत गावापर्यंत ऐकू गेली असणार. माझी थोरली मुलगी तेवढी हसली नाही. ती पंधरा वर्षांची. मराठीत विचारा, उत्तर हिब्रूत, आणि बाबांऐवजी 'अबा'. वाघाचं ऐकल्यापासून ती माझ्याशी बोललीच नव्हती. ती पुढे आली आणि म्हणाली, "कोणाचा?"

"काय कोणाचा?"

"कुत्रा, अबा. कोणाचा होता?"

आणि आत निघून गेली. इन्स्पेक्टर मला म्हणाला, "चल, दाखव."

जीपमध्ये मी त्याला शुक्रवारचं सांगायला लागलो. गंमत म्हणजे, खरं सांगायला मला जास्त शब्द लागले.

माझे वडील कोकणात शेतं राखायला बसायचे. रानडुक्कर मारायचे. आम्ही ज्यू, त्या मांसाला आमच्या घरात हात लागायचा नाही. गावकरी यायचे, न्यायचे, आणि वडील नुसते आंघोळ करून मोकळे. त्यांनी मला एकच शिकवलं होतं. फटफटताना पाण्यावर जे येतं, ते रानातलं. कारण त्या वेळी गावातली गुरं दावणीला असतात, कुत्री चुलीपाशी असतात, माणसं अंथरुणात. तिथे ते बरोबर होतं. ते ज्ञान मी बोटीतून, विमानातून, जकातीतून, सगळीकडून सांभाळून इथे आणलं.

माझ्या परवान्यात ससा आणि तितर बसत होते. मी त्या शुक्रवारी दिवस उजाडायच्या आत डोंगरातल्या जुन्या, दगडात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यापाशी जाऊन बसलो. ससा आला नाही. तितर आले नाहीत. थोड्या वेळाने समोरच्या दगडांतून एक पिवळं काहीतरी उतरलं. कान उभे, मान खाली, चाल दबकी. मनात म्हटलं, लांडगा. परवान्यात लांडगा नव्हता. बार तरीही निघाला.

"काय बघून झाडलास?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"पिवळं."

"पिवळं हे जनावर नाही."

मी बोटाने पुढचं वळण दाखवलं.

टाक्यापाशी मी दगडांचा ढीग दाखवला. त्याने एकेक दगड बाजूला केला. कुत्राच होता. मोठा, पिवळा, गळ्यात लोकरीची दोरी आणि दोरीत एक निळा मणी. बंदूक झाडल्यावर मी जवळ गेलो होतो तेव्हा तो मणीच आधी दिसला होता. त्याच वेळी उजाडलंही होतं. पाच मिनिटं. पाच मिनिटं थांबलो असतो तर बार काढायच्या आधी मणी दिसला असता. पाठोपाठ डोंगरामागून शेळ्यांच्या घंटा ऐकू आल्या होत्या. उन्हाळ्यात बेदुइन, म्हणजे वाळवंटातले अरब धनगर, ऊन चढायच्या आधी कळप पाण्यावर आणतात, आणि कुत्रा पुढे पाठवतात, वाट बघून ठेवायला. हे येरुहामातलं शेंबडं पोरदेखील जाणतं. मी घाईघाईने दगड रचले होते आणि पळालो होतो.

इन्स्पेक्टरने तो मणी बोटांनी फिरवून ओळखला. मग सरळ उभा राहिला. वाघ नाही म्हटल्यावर त्याचा चेहराच मऊ झाला होता. "वाघ असता तर तुला कोर्टात नेलं असतं," तो म्हणाला. "कुत्रा माझ्या कायद्यात येत नाही. पण तू न बघता बार काढलास. मालकाने तक्रार दिली तर मला लिहावं लागेल, आणि लिहिलं तर तुझं लायसन जाईल. त्याने नाही दिली, तर मी काही लिहीत नाही."

माझ्या छातीत आत्तापासूनच कापूस भरायला लागला. आणि तोंड, माझं हे तोंड, लगेच कामाला लागलं.

"पण साहेब, मी मघाशी एक सांगायचं राहिलंच. कुत्रा पिसाळलेला होता."

"पिसाळलेला?"

"मग! डोळे लाल, बसच्या मागच्या दिव्यांसारखे. तोंडाला फेस. फेस म्हणजे काय, धोब्याकडे एवढा फेस नसतो. माझ्या अंगावर धावला तो. मी झाडाझुडपात पडलो. हे बघा ओरखडे."

ओरखडे दगड रचताना पडले होते. पण ते बोलत थोडेच होते! मी स्वतःच्या गोष्टीवर खूश झालो. पिसाळलेला कुत्रा मारला म्हणून एखाद्या मंत्र्याने हार घालायलाही हरकत नव्हती.

इन्स्पेक्टरने खिशातून वही काढली. "नक्की पिसाळलेला होता? मग मला आत्ताच जनावरांच्या डॉक्टरला कळवावं लागेल. कुत्रा कोणाचा ते मला माहीत आहे, पलीकडेच त्याचे तंबू आहेत. तिथली सगळी कुत्री मारावी लागतील, चार आहेत. दोन तर पिल्लं. शेळ्या अडकवून ठेवाव्या लागतील, दूध विकता येणार नाही. म्हणून विचारतो. नक्की?"

डोंगरापलीकडून धूर वर येत होता. कोणीतरी भाकऱ्या भाजत असणार. मी इकडे फिरलो, तिकडे फिरलो, टाक्यात डोकावलो, एक दगड उचलला, परत ठेवला. गेट दिसत होतं. गेटावरची माझी खुर्ची दिसत होती, तिच्यावरची बायकोने शिवलेली उशी दिसत होती. एक शब्द बोलायचा होता आणि सगळं माझंच राहणार होतं.

"नाही," मी म्हणालो. "शहाणा होता. माझ्यापेक्षा शहाणा होता."

त्याने वही मिटली.

तंबूपाशी एक म्हातारा धनगर बसला होता, माझ्या वडिलांच्या वयाचा. इन्स्पेक्टरला ओळखत होता. आम्हाला चटईवर बसवलं, कॉफी ठेवली. कोणी विचारण्याआधी मी सांगून टाकलं, तोडक्यामोडक्या हिब्रूत, जितकं त्याला समजत होतं तितक्यात. "तुमचा कुत्रा मी मारला. शुक्रवारी. मला लांडगा वाटला."

एवढंच. जन्मात मी याहून छोटी गोष्ट सांगितलेली नाही.

म्हातारा कॉफी ढवळत राहिला. "कुठे आहे?"

"टाक्यापाशी. दगडांखाली."

"कोल्ह्यांनी उकरला नाही?"

"नाही. मोठे दगड टाकलेत."

त्याने मान हलवली. "आम्ही सहा दिवस हाका मारतोय," तो म्हणाला. मग एक छोटा पेला भरून माझ्यापुढे ठेवला. कपाळावर आठीसुद्धा नव्हती. मला वाटलं, सुटलो. आणि मी एकदम बोलत सुटलो. गिरणीच्या आवारात पिल्लं आहेत, एक काय दोन आणतो. हवं तर शेळ्या राखायला दर शुक्रवारी मी स्वतः येतो, भुंकतोसुद्धा. माझं पिंजण, माझी छाती, डॉक्टरची चिठ्ठी, सगळं त्याच्यापुढे ओतलं. म्हातारा सगळं ऐकून घेत होता. मध्ये एकदा हसलाही, भुंकण्यावर.

इन्स्पेक्टरने पेला खाली ठेवला. त्याला अरबी चांगलं येत होतं, पण मलाही समजावं म्हणून तो मुद्दाम हिब्रूत बोलला. "तू तक्रार दिलीस तर ह्याचं लायसन जाईल. कामही जाईल, ऐकलंसच. नाही दिलीस तर काही होणार नाही. तुझ्या मनावर आहे."

म्हाताऱ्याने विचारलं, "लायसन गेलं की बंदूक?"

"सरकार घेणार."

"मग हा पहाटे टाक्यावर येऊन बसणार नाही?"

"बंदूक घेऊन नाही."

म्हाताऱ्याने माझ्या पेल्यात आणखी कॉफी ओतली.

"मग लिही," तो म्हणाला.