जावेची सायकल

निवृत्त झाल्यावर पहिलं वर्ष मी झोप काढण्यात घालवलं. दुसऱ्या वर्षी लेकीनं माझ्या मोबाईलवर जुन्या वस्तूंच्या लिलावाची एक साइट उघडून दिली. तिला वाटलं, आई पितळी भांडी बघत बसेल. मी सायकली बघायला लागले.

सकाळची कामं आटपली की धाराशिवच्या आमच्या घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून मी शोधत बसायची. कोलकात्याचा कुणी नुसतं हॅन्डल विकत असे, लुधियानाचा कुणी डायनॅमोचा दिवा. एकानं तर चामड्याच्या सीटचा फोटो असा मखमलीवर ठेवून काढला होता, जणू ठुशीच. मला मात्र एकच जात हवी होती: मधली दांडी खाली वाकलेली, पूर्ण चेनकव्हर असलेली आणि साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला दोऱ्यांची जाळी असलेली लेडीज सायकल. तशी एक माझ्याकडं होती. मी ती विकली, आणि ते मला इतकी वर्षं टोचत राहिलं.

लग्न होऊन मी तेरला आले ती नर्सची नोकरी घेऊनच. आजूबाजूच्या वस्त्यांवर लसी द्यायला पायी जावं लागे, म्हणून नवऱ्यानं ती सायकल आणली. घरात माझ्या थोरल्या जाऊबाई होत्या. त्यांचं माहेर जळकोटचं, माहेरची बोली कानडी. मी त्यांना अक्का म्हणायची. सायकल आली त्या दिवशी अक्कांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, जाळीवरून बोट फिरवलं आणि कामाला लागल्या. आठ दिवसांनी भांडी घासताना, मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, "मला यील का गं?"

"न यायला काय झालं?" मी म्हटलं.

दुपारी पुरुष मळ्यात गेले की आम्ही शाळेमागच्या मैदानावर जायचो. मी कॅरिअर धरून मागं पळायची. त्या "अय्यो, सोडू नगं, सोडू नगं" म्हणून ओरडायच्या, आणि फारच घाबरल्या की कानडीत सुरू व्हायच्या. दोनदा बाभळीत शिरल्या. कोपर सोललं तेव्हा घरी सांगितलं, न्हाणीत पाय घसरला. एका दुपारी मी हात सोडला ते त्यांना कळलंच नाही. मैदानाच्या टोकाला गेल्यावर त्यांनी मागं बघितलं, तर मी लांब उभी. मग गोल वळून त्या थेट माझ्याकडंच आल्या आणि थांबता न आल्यामुळं मलाही घेऊन पडल्या. आम्ही तिथंच मातीत बसून हसत राहिलो.

पुढं माझ्या सुट्टीच्या दिवशी सायकल त्यांची झाली. भाकरीचं गाठोडं कॅरिअरला बांधून त्या मळ्याकडं निघायच्या. पहिल्यांदा गेल्या तेव्हा वाटेत समोरून सासऱ्यांची बैलगाडी आली. अक्का उतरून उभ्या राहिल्या. सासऱ्यांनी गाडी बाजूला घेतली आणि त्यांना वाट दिली. संध्याकाळी हे मला सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते.

मग माझी बदली झाली. धाराशिवला बिऱ्हाड हलवायचं होतं, सामान फार होतं. शेजारच्या गावातल्या एका शिक्षिकेनं सायकल विकत मागितली, मी देऊन टाकली. अक्कांना विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. त्यांना सांगितलं तेव्हा त्या पीठ मळत होत्या. "बरं केलंस," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन पायी मळ्याकडं जाताना दिसल्या, तेव्हा मला माझी चूक कळली. पण त्यावर कधी बोलणं झालं नाही, ना माझ्याकडून, ना त्यांच्याकडून.

लिलावात हवी तशी पहिली सायकल दिसली ती पुण्याची. शेवटच्या दिवशी मी येडशीहून एसटीनं परत येत होते. बोली माझीच वर होती. घाटात रेंज गेली, आणि परत आली तेव्हा सायकल दुसऱ्याची झाली होती. शेजारच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, "काय झालं हो? घरचे बरे हायेत ना?" माझा चेहराच तसा झाला असणार.

चार महिन्यांनी दुसरी मिळाली. या वेळी मी घरातून हललेच नाही. पण तिला जाळी नव्हती. ती वेगळी शोधली, शेवटी कोलकात्याहून आली. आमच्या चौकातल्या म्हाताऱ्या सायकलवाल्यानं सगळं जोडून, तेल घालून दिलं. "बाई, आता कोण बसणार हिच्यावर?" म्हणाला.

"जाऊबाई," मी म्हटलं.

अक्का आता जळकोटला मुलाजवळ असतात. ओळखीच्या टेम्पोत सायकल घालून मी गेले, तर त्या दारात तूर निवडत बसल्या होत्या. सायकल उतरवली तशी त्यांचा हात सुपात थांबला.

"कुणाची गं?"

"तुमची."

त्यांनी सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "ती इकली तवा मला इचारलं न्हाईस तू."

"चुकलं माझं, अक्का."

"व्हय, चुकलं. लई राग आलता मला तुझा." आवाज चढला नव्हता. इतक्या वर्षांचं ओझं त्यांनी नुसतं खाली ठेवलं. "म्या म्हनलं, हिला काय कळनार? हिला काय, दुसरी मिळंल."

मी तिथंच त्यांच्याशेजारी बसले. सूप ओढून तूर निवडू लागले. थोड्या वेळानं भिंतीला धरून त्या उठल्या. गुडघे नीट वाकत नाहीत, सायकलवर बसणं शक्य नव्हतं. पण हॅन्डल धरून त्यांनी सायकल गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेली आणि परत आणली. कुणाला हात लावू दिला नाही.

आता दर सोमवारी महादेवाला जाताना त्या ती बरोबर नेतात. नारळाची पिशवी हॅन्डलला आणि भार सायकलीवर. मुलानं आणलेली काठी कोपऱ्यात पडून आहे.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. मला वाटलं, तब्येतीचं काही असेल.

"मागच्या चाकात हवा ऱ्हाईना," त्या म्हणाल्या. "येताना पंप घिऊन ये. अन् लवकर ये, सोमवार आलाय."

पंप मात्र मी नवाच घेतला, तुळजापुरातल्या दुकानातून. लिलावाची बोली संपायची वाट बघण्याइतका धीर त्यांना नाही.